वर्षाची चटणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चटणी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढं ताटाची डावी बाजू येते. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चमचाभर चटणी. आम्हा कोल्हापूरकडच्या माणसांची चटणी ती नव्हे. आमच्याकडे चटणी म्हणजे तिखट. तेही नुसती मिरचीपूड नाही. कांदा, लसूण, धणे, तीळ आणि दहा-पंधरा जिनसांचा खडा मसाला घालून डंकावर कुटून आणलेलं, वर्षभर पुरणारं लाल तिखट. आमटीत तीच, वांग्यात तीच, मटणाच्या रश्श्यात तीच आणि घरात काहीच नसलं तर भाकरीवर तेल ओतून तीच. पुण्याहून आमच्या घरात आलेल्या धाकट्या भावजयीला पहिल्या दिवशी सांगितलं, 'आमटीत दोन चमचे चटणी टाक.' तिनं फडताळातली शेंगदाण्याची चटणी टाकली. ती आमटी आम्ही खाल्ली, वाईट नव्हती.

ही वर्षाची चटणी कशी करायची, यावर दोन घरांचं एकमत झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. हे ऐकीव नाही, आमचा धंदाच तो होता. आम्ही अत्तार. हिरण्यकेशीच्या काठी, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या बाजारगावात वडिलांचं दुकान होतं. एका बाजूला अत्तराच्या कुप्या आणि सुरमा, दुसऱ्या बाजूला हळद-कुंकू, अबीर-बुक्का, कापूर, उदबत्ती आणि मधल्या खणांत खडा मसाला. पाडवा झाला की कुंकवापेक्षा मसाल्याला गर्दी. मी पुढं बी. ए. झालो, कविता लिहायला लागलो. त्याच्या कितीतरी आधी मी कागदाच्या पुड्या बांधायला शिकलो.

बायका यायच्या त्या यादी घेऊन, आणि बहुतेकींची यादी तोंडात असायची. 'पाच किलो मिरचीचं द्या' म्हटलं की पुढचं सगळं किलोच्या हिशोबानं. किलोला धणे पाव की अर्धा, तीळ किती, खसखस किती, लवंग-दालचिनी तोळ्यावर. एकीला दगडफूल दुप्पट हवं असायचं. तिच्या पाठोपाठ आलेली म्हणायची, 'दगडफूल नका टाकू, चटणी काळी पडते.' एकीला नाकेशर हवंच, दुसरीला त्याचा वासही नको. कुणी मेथ्या घ्यायचं, कुणी म्हणायचं, मेथीनं कडवट होते. नव्यानं संसार थाटलेली एखादी पोर विचारायची, 'मामू, तुमीच सांगा, कसं घालू?' वडिलांनी याचं उत्तर कधी दिलं नाही. ते उलट विचारायचे, 'तुमच्या घरात कसं करतात?' ती गप्प राहिली की दुसरा प्रश्न : 'माहेरात की सासरात?' मला तेव्हा वाटायचं, हे गिऱ्हाईक राखायचं शहाणपण. ते होतंच. पण भांडण कुठं सुरू होतं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

पहिला वाद मिरचीचा. ब्याडगी रंगाला, हे सगळ्यांना मान्य. हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी हे तिचं गाव. लांब, सुरकुतलेली, गर्द लाल मिरची. तिखटपणा बेताचा, पण रंग असा की तिचा अर्क काढून रंगासाठी वापरतात. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. लवंगी जाळाला. आणि चवीला संकेश्वरी, ज्याला आमच्याकडे नुसतं 'जवारी' म्हणतात. बारीक, लांबसडक, वास खमंग. भांडण आहे ते या तिघींना किती किती घ्यायचं याचं. जुनी माणसं निम्मी संकेश्वरी घ्यायची. आता तिची लागवड घटली, भाव भलताच वाढला आणि संकेश्वरी म्हणून जे पोत्यात दिसतं ते सगळं संकेश्वरी असतंच असं नाही.

दुसरा वाद भाजण्याचा. एक पक्ष म्हणतो, मिरच्या तेलावर परतल्याशिवाय खमंगपणा नाही. दुसरा म्हणतो, मिरचीला फक्त ऊन दाखवायचं, विस्तव दाखवला की रंग गेला. कांदा उन्हात वाळवून तळायचा की ओलाच चिरून परतायचा? ओला परतला तर चव चढते, पण पाणी राहिलं तर आषाढात बुरशी. बी काढायचं की ठेवायचं? इथं मात्र शास्त्राची साक्ष काढता येते. मिरचीचा जाळ बियांत नसतो, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. बियांना तो शेजारानं लागतो. हे मी आमच्या गल्लीत अनेकदा सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

तिसरा वाद कुटण्याचा. डंकावर की गिरणीत? डंकाचे मुसळ वरून पडतात आणि चटणी कुटली जाते, तीळ-खोबऱ्याचं तेल तिच्यात मुरतं. चक्कीत ती दळली जाते आणि तापते. मी डंकाच्या बाजूचा आहे. डंकाजवळ उभं राहून तो खकाणा नाकात गेल्याशिवाय उन्हाळा आला असं मला वाटतच नाही.

आणि चौथा, सगळ्यांत मोठा वाद खोबऱ्याचा. त्यानं आमच्या घरात काय केलं, ते पुढं सांगतो.

एवढं भांडतो आपण जिच्यावरून, ती मिरची मुळात आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर आणली. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती १२९० मध्ये. तेव्हा या देशात कुणाला मिरचीचा ठसका लागलेला नव्हता. तिखटासाठी होते मिरे, पिंपळी, आलं. मिरचीला नाव दिलं तेही मिऱ्यावरून. आणि शब्द किती जमवले आपण एवढ्या काळात : तिखट, झणझणीत, जहाल, जळजळीत, चरचरीत, ठसका, खकाणा. आम्ही घरात दखनी बोलतो. पण अम्मा मिरच्या परतायला बसली की तिच्या तोंडून असे शब्द यायचे मराठीतच.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्यानं सांगितलं, तिथं 'चिली' याच नावाचा एक पदार्थ आहे. वाळल्या मिरच्यांत शिजवलेलं मांस. त्यात राजमा घालायचा की नाही, यावर तिथली माणसं हमरीतुमरीवर येतात. टेक्सासवाला म्हणतो, राजमा घातला की ती चिली नव्हेच. १९६७ मध्ये टर्लिंग्वा नावाच्या उजाड खेड्यात यावरून दोघा गड्यांची जाहीर स्पर्धा झाली. एक टेक्सासचा, एक बाहेरचा. निकाल बरोबरीत सुटला आणि तेव्हापासून तिथं दरसाल चिली शिजवण्याची जत्राच भरते. पुढं १९७७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं चिली हा राज्याचा पदार्थ म्हणून ठराव करून टाकला. आमच्याकडे असा ठराव कुणी मांडला तर सभागृह तहकूब करावं लागेल.

आता घरचं सांगतो.

अम्मा २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास गेली. तिनं त्या उन्हाळ्यात केलेली चटणी अजून बरणीत निम्मी होती. चिनी मातीची बरणी, तोंडाला दादरा बांधलेला, आत हिंगाचे खडे. आम्ही चार भावंडांनी ती वाटून घेतली. कपडे, भांडी वाटली जातात तशी. फक्त इथं वजनकाटा घेतला नाही, आपानं हातानं चार डबे भरले. आपा म्हणजे माझी थोरली बहीण, मिरजेला दिलेली.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोनं चटणी केली. ती १९९७ मध्ये आमच्या घरात आली, अठरा वर्षं अम्माच्या शेजारी बसून तिनं मिरच्या खुडल्या होत्या, परतल्या होत्या. २०१६ च्या बकरीदेला आपा आली. रश्श्याचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, 'छान झालंय. पण ही अम्माची चटणी नाही. अम्मा खोबरं घालत नव्हती.'

माझी बायको म्हणाली, 'आपा, अम्मा खोबरं घालत होत्या. अर्धा किलो.'

'कधीच नाही. आणि अम्माची चटणी जहाल असायची. ही गोडी आहे.'

बायको पुढं काही बोलली नाही. ताटं उचलली. पण त्यानंतरचे दोन उन्हाळे आमच्या घरात मिरची आली नाही. बाजारातली पाकिटं आली. अत्ताराच्या घरात पाकिटातलं तिखट! मला पाकिटांचा तिटकारा आहे असं नाही. नोकरी करणाऱ्या बाईनं उन्हात मिरच्या राखाव्यात असा आग्रह मी कोण धरणार? पण वडील असते तर त्यांनी ती पूड पाण्यात टाकून बघितली असती, विटेचा चुरा तळाशी बसतो का ते. पुडीत रंग मिसळण्याचा उद्योग तर जगभर गाजलेला आहे. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिखटात 'सुदान' नावाचा कपडे-मेणासाठी वापरायचा लाल रंग सापडला, आणि २००५ मध्ये त्याच रंगापायी ब्रिटनमधल्या दुकानांतून शेकडो खाद्यपदार्थ माघारी घ्यावे लागले. अख्खी मिरची हातात घेतली की ती काय आहे ते दिसतं, पुडीचं तसं नाही.

आपा आणि माझी बायको एकमेकींशी बोलत होत्या. फोनवर तब्येत, पोरांचे निकाल, सगळं. फक्त स्वयंपाकाचा विषय निघत नव्हता. दोन बायका एका घरच्या असून स्वयंपाकाबद्दल बोलत नाहीत म्हणजे काय असतं, ते श्रोत्यांना सांगायला नको. आणि दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नव्हती, हे मला दिसत होतं.

२०१८ मध्ये मी दुकान बंद केलं. वडील २००९ मध्ये गेल्यानंतर ते मीच बघत होतो. सामान काढताना माळ्यावर वडिलांच्या वह्या सापडल्या, लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या. वडील हिशोबाला कडक. घरात गेलेला वेलदोडासुद्धा लिहायचे. त्यासाठी दर वहीत एक पान असायचं आणि त्यावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'घर' एवढंच लिहिलेलं. चटणीचा माल त्याच पानावर. मिरची आमच्या दुकानात नव्हती, बाजारातून यायची. पण तीही तिथंच, भावासकट.

मी रात्री बसून ती पानं लावली. १९७२ पासून १९८३ पर्यंत 'घर'च्या पानावर खोबरं नाही. एकाही वर्षी नाही. खसखस दोन वर्षांत आहे, तीही पाच तोळे. लवंगी मिरची मात्र भरपूर. जाळ असला की थोड्या चटणीत भागतं, हे आमच्यासारख्या घरांना कुणी शिकवावं लागत नाही. १९८४ मध्ये आपाचं लग्न झालं. त्याच सुमारास थोरल्या भावाला नोकरी लागली. १९८५ च्या पानावर वडिलांच्या अक्षरात पहिल्यांदा येतं : 'खोबरे, अर्धा किलो.' मग ते कायम आहे. १९९१ पासून लवंगी नाही. त्या वर्षी वडिलांच्या पोटात व्रण निघाला होता आणि डॉक्टरांनी तिखट तोडलं होतं. अम्मानं तिखट तोडलं नाही, लवंगी तोडली. म्हणजे माझ्या बायकोनं १९९७ मध्ये जी चटणी पहिल्यांदा चाखली ती खोबऱ्याची, बिनलवंगीची, गोडी. आणि आपानं जी शेवटची चाखून हे घर सोडलं ती बिनखोबऱ्याची, जहाल.

वह्या घेऊन मी मिरजेला गेलो. मनात थोडी फुशारकी होती, की आता कागदच बोलेल. आपानं चष्मा लावून पानं वाचली. १९८५ च्या पानावर ती बराच वेळ थांबली. मग वही मिटून म्हणाली, 'म्हणजे मी गेल्यावर घरात खोबरं आलं.'

मला यावर बोलता आलं नाही. सहा माणसांच्या घरात वीस-एकवीस वर्षं तिनं पुरवून पुरवून खाल्लेलं होतं, धाकट्यांच्या ताटात आधी वाढलेलं होतं. मी धाकट्यांतलाच.

वहीत सगळंच होतं असं नाही. मिरच्या तेलावर परतल्या की उन्हात वाळवल्या, हे वही सांगत नाही. मीठही नाही, कारण मीठ आमच्या दुकानात नव्हतं. मिठाचं मात्र मला माहीत आहे, आणि ते या दोघींनाही ठाऊक नव्हतं. १९८७ ते १९८९ अशी तीन वर्षं रमजान ऐन चटणीच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये आला. रोजा धरून अम्मा चुलीपुढं बसायची, डोळ्यांतून पाणी, घशाला कोरड. चटणीत मीठ पडलं का, हे चाखून बघायची सोय नाही. घरातले आम्ही सगळेच रोजेदार. मग ती भिंतीपलीकडे हाक मारायची, 'आक्का, जरा येता का?' शेजारच्या आक्का लिंगायत. आमच्याकडे त्या चहा घ्यायच्या नाहीत. पण चटणीचं बोट जिभेवर ठेवायच्या. चटणीला काही होत नसतं, हा त्यांनीच केलेला नियम होता आणि अम्मानं कधी त्याची उलटतपासणी केली नाही. आक्कांची जीभ मिठाला चढी. त्या म्हणायच्या, 'अजून मूठभर टाका, अत्तारवैनी.' त्या तीन वर्षांची आमची चटणी खारट होती, आणि ती आपाच्या आठवणीत नाही, माझ्या बायकोच्याही नाही. अम्माची चटणी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मला आधी तीच आठवते.

खोबऱ्याबद्दल माझं स्वतःचं मत विचाराल तर मी आपाच्या बाजूचा. भावनेनं नव्हे, अत्तार म्हणून. खोबरं कितीही परतलं तरी श्रावणापर्यंत खवट व्हायला लागतं, त्याच्या वासाखाली दालचिनीचा वास मरतो. खोबरं कालवणात घालावं, ताजं भाजून, वाटून. वर्षाच्या चटणीत त्याचं काम नाही. बायकोला हे मान्य नाही. तिचं म्हणणं, खोबरं चटणीबरोबर कुटलं गेलं की मिरचीचा जाळ त्या तेलात बसतो आणि जिभेला बोचत नाही. यातही तथ्य आहे. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तर ठसका लागल्यावर पाण्याचा उपयोग होत नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आपा मिरजेहून चार दिवस राहायला आली. सोबत तीन किलो मिरच्या घेऊन, त्यात लवंगी. माझ्या बायकोनं तिच्या मिरच्या आधीच आणून ठेवलेल्या, ब्याडगी आणि संकेश्वरी. गच्चीवर दोन जुनी लुगडी अंथरून दोघींनी मिरच्या वेगवेगळ्या वाळवल्या आणि देठ मात्र एकत्र बसून खुडले. आपा म्हणाली, अम्मा मिरच्या तेलावर परतायची. बायको म्हणाली, नाही, फक्त ऊन. वही नव्हतीच त्याला. दोन दिवस तो वाद मी खालच्या मजल्यावरून ऐकत होतो. मोठ्यानं चालला होता. दोन वर्षांनी घरात परत आवाज होता.

डंकावर आम्ही तिघं गेलो. डंकवाला म्हणाला, दोन घाणे वेगळे काढून देतो, पण आधीच्याचं थोडं मागच्यात येणारच. उखळात राहिलेलं किती पुसून काढणार? आमच्या आधी कुणाची तरी मालवणी धाटणीची चटणी कुटून झाली होती. म्हणजे आमच्यातला जो पहिला जाईल त्याच्यात त्या परक्या घरचं येणार आणि जो दुसरा जाईल त्याच्यात आमच्याच पहिल्याचं. बायकोनं पाटी पुढं केली नाही. ती आपाकडे बघत होती.

आपा म्हणाली, 'हिची आधी टाका. माझी मागून.'